बटणाची वेळ

कुत्रं पाळायला माझी ना नव्हती. माझी ना होती ती कुत्र्यानं घरात शू करण्याला, आणि एकाशिवाय दुसरं मिळत नाही एवढं मलाही कळत होतं. आमच्या घरातली पुढची खोली म्हणजे माझं दुकान. तिथे माझं शिलाई मशीन, कापायचं टेबल, इस्त्री, भिंतीत बसवलेला मोठा आरसा आणि बाथरूमच्या दाराशेजारी पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. लोकांचे कोट, झगे, दाराखिडक्यांचे पडदे दिवसभर टेबलावरून जमिनीवर लोळत असतात. दारातून आत आलेल्या बाईनं नाकाला रुमाल लावला, की माझं दुकान बसलंच समजा.

पण सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं बोलणंच आटलं. आधीही ते फार बोलायचे अशातला भाग नाही, पण निदान भांडायचे तरी. सुतार माणूस. आयुष्यभर लोकांची कपाटं, दारं, टेबलं केली. आता मागच्या खोलीत खिडकीशी बसून रंध्याचं पातं घासत बसायचे, तेही धार लागल्यावर पुन्हा. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातले बहुतेक दिवस रस्त्यावर. म्हणजे घरात मी, सासरे आणि मशीनचा आवाज. जेवायला हाक मारली की यायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि जायचे. मी मीठ घालायला विसरले होते त्या दिवशीसुद्धा म्हणाले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

माझी नणंद जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिला माणसांच्या तब्येतीतलंही सगळं कळतं, निदान तिचं तसं मत आहे. एका रविवारी ती आली तीच जॅकेटच्या आत काहीतरी वळवळणारं घेऊन. चेन उघडली आणि आतून तपकिरी, लोंबत्या कानांचं पिल्लू बाहेर डोकावलं.

"वहिनी, ओरडू नकोस. महिनाभर ठेव. नाही जमलं तर मी परत नेते, शब्द देते."

मी तोंड उघडेपर्यंत पिल्लू टेबलाखाली गेलं होतं आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण त्याच्या पोटात गेलं होतं. पुढचे दोन दिवस आम्ही दोघं, मी आणि सासरे, त्या पिल्लाच्या मागे जमिनीकडे डोळे लावून फिरत होतो. शेवटी बटण सुखरूप बाहेर आलं. सासरे म्हणाले, "आलं गं, आलं!" कित्येक महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. पिल्लाचं नाव ठेवायचं कामच उरलं नाही, तो बटणच झाला.

आता प्रश्न शिस्तीचा. नणंद पुन्हा आली ती तारेच्या जाळीचा एक क्रेट घेऊनच. ती समजावून सांगायला लागली. "बाबा, ही शिक्षा नाही. ही त्याची गुहा. कुत्रं जिथे झोपतं तिथे घाण करत नाही. झोपून उठलं की बाहेर न्यायचं, खाल्लं की बाहेर, खेळलं की बाहेर. बाकी वेळ एक तर तुमच्या डोळ्यांसमोर, नाही तर आत. आणि आत रडला म्हणून लगेच दार उघडायचं नाही. गप्प झाला की उघडायचं."

सासऱ्यांनी त्या जाळीला बोटानं टिचकी मारली. "यात उंदीर धरतात."

"बाबा!"

"सुताराच्या घरात तारेचा पिंजरा येणार नाही. मी करतो."

आणि केला की हो! जुन्या कपाटाच्या फळ्या काढल्या, घासल्या, कडा गोल केल्या, समोर उभ्या पट्ट्या बसवल्या, दाराला फिरती लाकडी खिट्टी लावली. एक खिळा वर दिसेल तर शपथ. मागच्या खोलीतून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला आणि मला मशीन चालवतानाच रडायला आलं. टेबलाच्या बाजूला ते प्रकरण आणून ठेवलं तेव्हा मी बघतच राहिले. त्यात मी स्वतः पाय दुमडून झोपले असते.

"एवढं मोठं?"

"वाढत्या अंगाचं आहे पोरगं. पुन्हा पुन्हा काय करायचं?"

हे बोलणं मला अगदी पटलं, कारण मीही लहान मुलांचे कपडे शिवताना दुमडीत वाढीचं कापड सोडतेच. घरात एक सुतार आणि एक शिंपीण, दोघांनाही त्यात काही चूक दिसली नाही. चूक बटणानं दाखवली. पहिल्याच दिवशी त्यानं एका कोपऱ्यात शांतपणे शू केली, मग ऐटीत चालत दुसऱ्या टोकाला गेला आणि गोधडीवर झोपला. झोपायची खोली वेगळी, संडास वेगळा. फोनवर नणंद हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अगं, जेमतेम वळता येईल एवढीच जागा हवी! तुम्ही त्याला बंगला दिलात!"

सासऱ्यांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या बाजूंना खाचा पाडल्या आणि एक सरकती फळी बसवली. बटण लहान आहे तोवर फळी पुढे, वाढेल तशी एकेक खाच मागे. नणंदेला फोटो पाठवला. ती म्हणाली, बाजारात यापेक्षा चांगला मिळणार नाही. सासरे म्हणाले, "तिला म्हणावं, बाजारात कशाला बघतेस." ते त्याला पिंजरा म्हणत नसत, क्रेटही नाही. बटणाची खोली म्हणत.

मग आमचे शिकण्याचे दिवस सुरू झाले. आमचे म्हणते, कारण बटण आमच्याआधी शिकला. त्यानं आत कण्हायला सुरुवात केली की माझा हात आपोआप खिट्टीकडे जायचा आणि सासरे टेबलापलीकडून डोळे वटारायचे, "गप्प होऊ दे आधी." जेवण आतच द्यायचं. दार लावायच्या आधी अंड्याचा तुकडा आत टाकायचा. उठला रे उठला की काखोटीला मारून समोरच्या अंगणात, रोज त्याच भिंतीपाशी. नणंदेनं सांगितलं होतं, एक शब्द ठरवा आणि तोच वापरा. मी "कर ना रे, कर ना" करून त्याच्या विनवण्या करायची आणि हा माझ्या चपलेचा पट्टा चावायचा. सासरे मात्र दोन पावलं मागे उभे राहायचे, आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आटपून घ्या." कुत्र्याला अहोजाहो! पण तो आटपून घ्यायचा. मग सासरे खिशातून बिस्किटाचा तुकडा काढायचे आणि असं कौतुक करायचे, की समोरच्या घरातली बाई खिडकीत यायची.

ते बोलायला लागले होते. आधी बटणाशी, मग बटणाबद्दल माझ्याशी, मग फोनवर लेकाशी. मीठ कमी पडलं तर सांगायला लागले. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक नसलं की क्रेटशेजारी स्टूल घेऊन बसायचे, आणि आत झोपलेल्या त्या गोळ्याकडे बघत माझ्याशी गप्पा मारायचे. एवढ्याशा पिल्लानं आमच्या घरात माणूस परत आणून दिला, असं मी नवऱ्याला सांगितलंही.

आणि मग ओल दिसायला लागली.

पुढच्या खोलीतून मागच्या खोलीकडे जाणारा बोळ आहे, त्यात लांबट गालिचा. त्यावर, सासऱ्यांच्या दाराच्या जवळ, कधी दुपारी ओला डाग. मी पहिल्यांदा व्हिनेगरनं पुसलं आणि बटणाला काही बोलले नाही, कारण मागाहून ओरडून उपयोग नसतो असं नणंदेचं सांगणं. दुसऱ्यांदा पुसलं तेव्हा दात ओठ खाल्ले. त्यानंतर तोंडाचा पट्टा सुटला. अंगणात शहाण्यासारखा वागणारा हा प्राणी बोळात जाऊन मुद्दाम करतो, याचा अर्थ त्याला शिंगं फुटली, असं माझं म्हणणं. सासरे ऐकून घ्यायचे. "लहान आहे," एवढंच म्हणायचे आणि बटणाला उचलून घ्यायचे.

एका दुपारी गुलाबी तागा घेऊन बोळातून जाताना तो माझ्या हातातून निसटला आणि नेमका एका ताज्या ओल्या डागावर पडला. मी तिथूनच नणंदेला फोन लावला. रागात माणूस काय बोलतो त्याला धरबंध नसतो. मी म्हटलं, या घरात एक तर तो राहील नाही तर मी. नणंद बिचारी म्हणाली, माझ्या ओळखीत एक मोठी बाग असलेलं कुटुंब आहे, ते कधीचे पिल्लू मागतायत. रविवारी घेऊन जाते.

सासऱ्यांना मी जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "बरं," म्हणाले. भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर मी माघार घेतली असती, कारण राग एव्हाना उतरला होता. पण ते उठले आणि त्यांनी बटणाची गोधडी धुवायला काढली.

शुक्रवारी गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. कार्यक्रमासाठी पायघोळ झगा, वर बाह्यांना चुण्या, आणि बाईंचं समाधान होणं महाकठीण. एकदा पडद्याआड घालायचा, आरशासमोर यायचं, मी टाचण्या लावायच्या, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दुपार सगळी त्यातच गेली. बटण क्रेटमध्ये माझ्या पायाशी पसरला होता. दार मीच लावलं होतं, खिट्टी मीच फिरवली होती.

बाई गेल्या. मी शिवलेले पडदे आत ठेवायला बोळात गेले आणि तळव्याला गार लागलं. ओलं. ताजं.

"बटण!" मी ओरडत मागे वळले. क्रेटमध्ये त्यानं मान उचलली, माझ्याकडे बघितलं आणि शेपटी दोनदा फळीवर आपटली. दार बंद. खिट्टी आडवी. आत गोधडी कोरडी ठणठणीत.

मी तिथेच उभी राहिले. पडदे छातीशी धरलेले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत चिडीचूप होतं. झोपलेल्या माणसाची शांतता निराळी असते. ही श्वास रोखून बसलेल्या माणसाची होती.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. सासरे हल्ली आपले कपडे आपणच धुतात आणि मी शेजारणींना कौतुकानं सांगते. दुपारी चहा नको म्हणतात. आणि बाथरूम पुढच्या खोलीत, पडद्याच्या अगदी शेजारी. तिथे बायका कपडे बदलत असताना हा माणूस आजवर कधी बोळातून पुढे आला नव्हता. त्यांच्या चांगुलपणामुळेच मी निर्धास्त होते. ते दारामागे उभे राहत असतील, गिऱ्हाईक कधी जातंय याची वाट बघत, आणि निघेपर्यंत उशीर होत असेल. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी गालिचा पुसला, आवाज न करता पुसला, आणि मोठ्यानं म्हटलं, "इस्त्रीचं पाणी सांडलं वाटतं माझ्याकडून."



त्याच संध्याकाळी मी नणंदेला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, ठेवू त्याला. ती वैतागली. "वहिनी, त्या लोकांना मी शब्द दिलाय. त्यांच्या मुलानं ताटली घेऊन ठेवलीये. आज हो, उद्या नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोनवर कडाडशील. जनावराचे हाल होतात त्यात." ती बरोबर होती. खरं कारण सांगितल्याशिवाय तिला काही पटणार नव्हतं आणि खरं कारण सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. एकीकडे कुत्रं जात होतं, दुसरीकडे एका म्हाताऱ्या माणसाची लाज. माझा जीव टांगणीला लागला.

रविवारी ती आली. सासऱ्यांनी गोधडी घडी करून क्रेटवर ठेवली होती, बाजूला पट्टा, बिस्किटांचा डबा. स्वतः स्टुलावर बसले होते आणि बटण त्यांच्या बुटाची लेस सोडत होता.

"ताई, मी काय म्हणते," मी सुरुवात केली, "ते डाग बटणाचे नव्हतेच. इस्त्री गळते माझी."

"बोळात?"

"मी बोळात नेते ना कधी कधी."

"इस्त्री? बोळात?" नणंद माझ्याकडे बघायला लागली. "बाबांच्या दाराशी नेऊन काय करतेस तिथे?"

मला खोटं बोलता येत नाही. ओरडता येतं. मी ओरडले, "गळते म्हटलं ना! माझी इस्त्री, माझा गालिचा, मी बघून घेईन!"

"सूनबाई," सासरे म्हणाले.



"इस्त्री चांगली आहे. तिची वायर मीच बदललीये." त्यांनी बटणाच्या तोंडातून लेस सोडवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे बघितलं नाही. "ते माझ्याकडून होतं. थांबवत नाही आताशा. पुढे बायका असतात, मी कसं यायचं मधून? या पोराचा काही दोष नाही. इतके दिवस मी त्याच्यावर ढकललं. त्याला नका नेऊ."

ज्या माणसानं कधी कुणासमोर साधा बनियनवर जेवायला बसायचा मोकळेपणा घेतला नाही, त्यानं लेकीसमोर आणि सुनेसमोर हे सांगितलं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. कुत्रं गेलं असतं, अब्रू राहिली असती. मी जाऊन त्यांच्या पायाशी खाली बसले आणि बटणाला कुशीत घेतलं, कारण सासऱ्यांना मिठी मारायची आमच्यात सवय नव्हती. "बाबा, फार उपकार झाले तुम्ही बोललात," एवढंच मला म्हणता आलं. ते खरं होतं, म्हणून मला त्याची लाज वाटली नाही.

नणंदेचे डोळे भरले होते, पण तिची जीभ तिनं लगेच कामाला लावली. "बाबा, आमच्या दवाखान्यात म्हातारी कुत्री रोज येतात याच तक्रारीनं. त्यांना कुणी रागावत नाही, गोळ्या देतात. तुमच्या वयात होतं हे. उद्या मी तुम्हाला माणसांच्या डॉक्टरकडे नेते. आणि तोवर वेळ ठरवून जायचं. झोपून उठलं की, चहा झाला की."

सासरे क्रेटकडे बघत म्हणाले, "आणि खेळून झालं की."

आधी नणंद हसली, मग मी, आणि मग ते स्वतः. "फळी मागे सरकवावी लागेल मला," ते म्हणाले आणि डोळे पुसायला खिशात रुमाल शोधायला लागले. बाग असलेल्या लोकांकडे नणंद त्याच महिन्यात दुसरं पिल्लू घेऊन गेली.

गोळ्यांनी फरक पडला, बराच पडला. राहिला प्रश्न गिऱ्हाइकांचा, तो मी सोडवला. दुपारी कुणी बाई टाचण्या लावून आरशासमोर उभी असली तरी मी मध्येच सांगते, "जरा पडद्याआत थांबता का? बटणाला बाहेर न्यायची वेळ झाली. पिल्लू आहे, शिकतंय." मग मागच्या खोलीतून सासरे येतात, खाली बघत, खिट्टी उघडतात, बटणाला अंगणात नेतात, आणि येताना पट्टा खुंटीला अडकवून स्वतः बाथरूममध्ये जाऊन येतात. बटण दाराबाहेर बसून राहतो. कुणाला कसली शंका येत नाही. उलट बायका पडद्यातून म्हणतात, किती वळण लावलंय हो कुत्र्याला.

आता बटण पिल्लू राहिलेला नाही. सरकती फळी केव्हाच काढून टाकली, क्रेटला दार लावायचीही गरज उरली नाही. सकाळी एकदा जाऊन आला की त्याला संध्याकाळपर्यंत काही लागत नाही. परवा गाणं शिकवणाऱ्या बाई पुन्हा आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "बटणाची वेळ झाली हं." बाईंनी क्रेटमध्ये वाकून बघितलं. बटण चारी पाय ताणून घोरत होता.

"अहो, गाढ झोपलाय बिचारा. कशाला उठवता? मोठा झाला की आता."

खोटं बोलण्यात मी अजून कच्चीच आहे. तेवढ्यात बटणानं एक डोळा उघडला. जांभई दिली, उठला, अंग झाडलं आणि बोळातून चालत जाऊन सासऱ्यांच्या दाराशी उभा राहिला. दार उघडलं. दोघं पुढच्या खोलीतून अंगणात गेले. मी खिडकीतून बघत होते. बटणानं भिंतीपाशी जाऊन नुसता वास घेतला, पाय काही वर केला नाही, आणि सासऱ्यांनी बिस्किट काढायच्या आतच परत फिरला. मग बाथरूमच्या दाराबाहेर बसला, सासरे आत गेले, आणि ते बाहेर येईपर्यंत तो जागचा हलला नाही.